वाचकांचे प्रश्न : ट्रॅप संगीतातली उसनवारी

गेल्या अंकात अमेरिकेतील अटलांटा शहरात रुजलेल्या ट्रॅप या रॅपप्रकाराची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकाच शंकेकडे आहे : या संगीतात स्वतःचे असे काही आहे, की ते एकमेकांची नक्कल करत वाढले आहे? निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझी उभी हयात शाळेत संगीत शिकवण्यात गेली. माझा नातू ट्रॅप ऐकतो, आणि मी त्याच्याबरोबर बसून मनापासून ऐकण्याचा प्रयत्न केला. परंतु मला प्रत्येक गाणे आधीच्या गाण्यासारखेच वाटते. तोच ठेका, तीच घुमणारी खर्जातली आस, तीच पुटपुट. यात मौलिक काय आणि ते ऐकायचे कुठे?
— एक निवृत्त संगीतशिक्षिका, कोल्हापूर

उत्तर : आपल्याला ही गाणी सारखी वाटतात, कारण त्यांचा सांगाडा खरोखरच सारखा आहे आणि या क्षेत्रात ते कोणी लपवतही नाही. मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपासची गती असते, पण स्नेअर या खणखणीत आवाजाच्या ड्रमचा आघात चारांपैकी तिसऱ्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे ऐकणाऱ्याला लय निम्मी, म्हणजे चांगली संथ भासते. वर हाय-हॅट या जोडझांजेची टिकटिक मध्येच दुप्पट, तिप्पट, चौपट होऊन पुन्हा मूळ पदावर येते. खाली ८०८ चा खर्ज घुमतो. आणि एखादी मोजक्या स्वरांची उदास सुरावट गाणे संपेपर्यंत फिरत राहते. २००३ साली टी. आय. या अटलांटाच्या रॅपरने आपल्या अल्बमच्या नावातच ‘ट्रॅप’ हा शब्द आणला; तेथील बोलीत तो अमली पदार्थ विकण्याच्या अड्ड्यासाठी वापरतात. २००५ मध्ये यंग जीझी आणि गुची मेन यांचे अल्बम आले, आणि त्यानंतर हा सांगाडा पक्का होत गेला.

त्यातल्या खर्जाची हकिगत आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहे. जपानच्या रोलँड कंपनीने १९८० साली टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात आणले. ड्रम वाजवणारा हाताशी नसला तरी गाण्याचा कच्चा खर्डा ध्वनिमुद्रित करता यावा, हा त्याचा हेतू होता. खऱ्या ड्रमचे मुद्रित आवाज वाजवणारी महागडी यंत्रे त्याच सुमारास येऊ लागली होती. रोलँडच्या यंत्रात मात्र आवाज विजेच्या मंडलांतून घडवला जात असे आणि तो खऱ्या ड्रमसारखा वाटत नसे. सुमारे १२,००० यंत्रे तयार झाल्यावर १९८३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. त्याच्या खास आवाजासाठी सदोष ट्रान्झिस्टर निवडून वापरले जात, आणि ते मिळेनासे होणे हेही उत्पादन थांबण्याचे एक कारण होते. पुढे जुन्या बाजारात ते यंत्र स्वस्तात मिळू लागले, तसे ते हाती पैसा नसलेल्या तरुण वादकांपर्यंत पोहोचले. ड्रमची नक्कल करण्यात जे यंत्र कमी पडले, त्याचे ते कमी पडणेच पुढच्या चाळीस वर्षांच्या संगीताला पायासारखे लाभले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अटलांटाच्या रचनाकारांनी त्यात स्वतःची भर घातली. ८०८ चा लांबणारा ठोका त्यांनी स्वरात लावला, एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेतल्यासारखा घसरवला, आणि ड्रमचा आघात व बासचा स्वर ही दोन कामे एकाच आवाजाकडे सोपवली. आपण आयुष्यभर सुरावट ऐकत आला आहात, म्हणून आपला कान सहजच वरच्या सुरावटीकडे जातो. ट्रॅपमध्ये ती बहुधा सर्वांत कमी महत्त्वाची असते. खर्ज कुठे थांबतो, हाय-हॅटची लय कुठे मोडते आणि शब्दाचा उच्चार ठोक्याच्या आधी पडतो की नंतर, या ठिकाणी कान लावावा. नातवाकडून झेटोव्हन आणि लेक्स लूगर यांनी रचलेले एकेक गाणे मागून घ्या आणि पाठोपाठ ऐका. झेटोव्हन हा चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा वादक. त्याच्या गाण्यांत बोटांची ती सवय, स्वरांची ती हलकी वर्दळ ऐकू येते. लेक्स लूगरने २०१० साली, विशीही ओलांडलेली नसताना, पितळी वाद्यांचे जड आघात आणि स्नेअरच्या झडी यांनी गाणे एखाद्या चालून येणाऱ्या सैन्यासारखे केले. सांगाडा तोच असूनही या दोघांत गफलत होणे शक्य नाही.

प्रश्न : डिझायनर या रॅपरचे ‘पांडा’ हे गाणे ऐकून माझ्या मित्राने ते फ्यूचरचे आहे असे पैजेवर सांगितले होते. एवढी हुबेहूब नक्कल करणाऱ्याला चोर म्हणावे की नाही?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक

उत्तर : आपल्या मित्राची फसगत अमेरिकेतील असंख्य श्रोत्यांचीही झाली होती. डिझायनर हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातला मुलगा. पण त्याच्या गाण्याची सुरुवातच अटलांटाच्या उल्लेखाने होते, आवाजाची घोगरी ओढ अटलांटाचा रॅपर फ्यूचर याची आहे, आणि शब्द अर्धवट गिळून ओळ पुढे ढकलण्याची लकबही त्याचीच आहे. गाण्याचा बीट, म्हणजे ज्यावर रॅप म्हणतात ते तयार वाद्यसंगीत, इंग्लंडमधील मँचेस्टरच्या मेनेस नावाच्या प्रोड्यूसरचा, तो इंटरनेटवरून २०० डॉलरना घेतलेला. रॅपर कान्ये वेस्टने २०१६ च्या आरंभी आपल्या अल्बमात त्याचा मोठा तुकडा वापरला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘पांडा’ बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. खुद्द फ्यूचरला त्या जागेसाठी २०२१ पर्यंत थांबावे लागले, तेही दुसऱ्याच्या गाण्यात पाहुणा म्हणून. त्याच्या स्वतःच्या नावाचे गाणे पहिल्या क्रमांकावर आले ते २०२२ मध्ये.

तरीही मी डिझायनरला चोर म्हणणार नाही. अठरा वर्षांच्या मुलाला जो आवाज आवडतो तोच त्याच्या तोंडी बसतो, आणि प्रत्येक कलेत शिकण्याची सुरुवात अशीच होते. माझा आक्षेप दुसरीकडे आहे. फ्यूचरच्या गळ्यातली ती थकलेली ओढ एका विशिष्ट मनःस्थितीतून आलेली आहे : नशा, पैसा, आणि दोन्हींतून न सुटणारी खिन्नता. ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारे तंत्र त्या आवाजाला गुळगुळीत न करता उलट अधिक फाटका करते, आणि ऐकणाऱ्याला गाणाऱ्याची दया येते व भीतीही वाटते. ‘पांडा’मध्ये लकब आहे, उत्साह प्रचंड आहे, ओळींना धडाका आहे, पण ती लकब ज्या दुखण्यातून आली ते दुखणे नाही. म्हणून गाणे अंगात भरते आणि ओसरते. त्या गाण्याच्या यशाशी तुलना होईल असे दुसरे काही त्याच्या हातून झाले नाही, याचे कारण मला यात दिसते.

याच्या शेजारी यंग थगचे उदाहरण ठेवा. अटलांटाचा हा रॅपर न्यू ऑर्लिन्सच्या लिल वेन या रॅपरचा इतका निस्सीम भक्त होता, की वेनच्या ‘कार्टर’ या अल्बममालिकेचा पुढचा क्रमांक आपल्याच अल्बमला देण्याचा त्याचा विचार होता. २०१५ मध्ये तो अल्बम अखेर ‘बार्टर ६’ या नावाने आला. नावापासूनच उघडउघड अनुकरण. पण ऐकू गेल्यास वेन मागे पडतो. यंग थग शब्द चिरकतो, कुजबुजतो, मध्येच शब्द टाकून देऊन नुसता आवाज ठेवतो, आणि रॅपमध्ये अर्थाचे ओझे वाहणाऱ्या शब्दांना त्याने वाद्याच्या कामाला लावले. पुढे गन्ना आणि लिल बेबी यांच्या पिढीने त्याच्याकडून घेतले. वेनकडून जेवढे घेतले तेवढे थगने पचवले. डिझायनरने घेतलेले ‘पांडा’त तसेच्या तसे पडून राहिले.

एका मात्रेत तीन अक्षरे भरणारा जो फ्लो, म्हणजे ठेक्यावर शब्द बसवण्याची ढब, २०१३ पासून मिगोस या त्रिकुटाच्या नावाने ओळखला जातो, त्याच्याकडेही असेच पाहावे लागते. मेम्फिस शहरातील थ्री सिक्स माफिया या रॅपगटाचा लॉर्ड इन्फमस नव्वदीच्या दशकात तो म्हणत होता. मिगोसने तो अटलांटाच्या उजेडात आणला, तिघांत वाटून घेतला, आणि एकाच्या ओळीच्या शेपटीवर दुसऱ्याने हुंकार टाकण्याची जी रीत त्यांनी बसवली ती मात्र निखालस त्यांची होती. या फ्लोला मिगोसचे नाव देताना मेम्फिसचे नाव गळून पडते, याचे मला वाईट वाटते. कारण मेम्फिसच्या रॅपच्या कॅसेटी हातोहात विकल्या जात होत्या आणि त्या करणाऱ्यांच्या पदरी त्या मानाने फारच थोडे पडले.

प्रश्न : मी संगणकावर बीट तयार करून इंटरनेटवर विकतो. गिऱ्हाईक मिळावे म्हणून बीटच्या नावात एखाद्या प्रसिद्ध रॅपरचे नाव घालून पुढे ‘टाइप बीट’ असे लिहावे लागते. माझे वडील म्हणतात, दुसऱ्याच्या नावावर धंदा करणे ही अप्रामाणिकता आहे. आपले मत काय?
— एक बीट तयार करणारा वाचक, नागपूर

उत्तर : वडिलांना आपल्या जुन्या संगीत नाटकाच्या एखाद्या छापील प्रतीची पाने दाखवा. पदाच्या माथ्यावर राग आणि ताल यांच्या जोडीला ‘चाल’ म्हणून कुठल्या आधीच्या पदावरून किंवा चिजेवरून ती घेतली ते छापलेले असे, आणि नाटककाराला त्यात कमीपणा वाटत नसे. गाणाऱ्या नटाला चाल कळावी, वाचकालाही ओळखीच्या सुरात पद गुणगुणता यावे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता. ‘अमुक टाइप बीट’ हे लेबल त्याच कुळातले आहे. विकणारा काय विकतो आहे ते घेणाऱ्याला आधीच सांगतो, आणि ज्याच्याकडून घेतले त्याचे नावही त्यात येते.

फरक आहे तो पुढे. चाल घेतल्यावर नाटककार तिच्यात नवे शब्द घालत असे आणि रंगमंचावर गाणारा नट ती आपल्या गळ्याने पुन्हा घडवत असे. टाइप बीटच्या बाजारात घाई इतकी आहे, की लोकप्रिय गाणे आले की आठवडाभरात त्याच्यासारखे ढिगाने बीट तयार होतात, आणि त्यातले बरेचसे मूळ गाण्याचे हाय-हॅट, त्याच जागी त्याच झडी, त्याच वाद्याचा तोच आवाज इतक्या कोरडेपणाने उतरवतात, की रॅपरला त्यात शिरायला जागाच राहत नाही. कारण पुन्हा साधनांतही आहे. एफएल स्टुडिओसारखे सॉफ्टवेअर आणि विकत मिळणारे आवाजांचे तयार संच यांमुळे सर्वांच्या हाती नेमका तोच खर्ज आणि तोच स्नेअर असतो.

या बाजारातून चांगले काही निघतच नाही असे समजू नये. लिल नॅस एक्स या अटलांटालगतच्या मुलाने नेदरलँड्समधील यंगकियो या किशोरवयीन प्रोड्यूसरचा बीट ३० डॉलरना घेतला, आणि त्यातून २०१९ साली १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेले ‘ओल्ड टाउन रोड’ तयार झाले. त्या बीटमध्ये नाइन इंच नेल्स या रॉक वाद्यवृंदाच्या वाद्यरचनेचा तुकडा होता आणि खाली ट्रॅपचा खर्ज होता. अशी जोडी करावी हे यंगकियोला सुचले, आणि तीवर काउबॉयच्या थाटात गावे हे लिल नॅस एक्सला. आपणही लेबल लावा, पण बीटमध्ये एक तरी गोष्ट अशी ठेवा जी त्या रॅपरने अजून ऐकलेली नाही. नागपूरच्या आपल्या कानाला ती सुचणे अवघड नाही.

प्रश्न : स्वामित्वहक्काचा कायदा ट्रॅपमधील नक्कल कशी मोजतो? केटी पेरीच्या ‘डार्क हॉर्स’ या गाण्यावरील खटल्याविषयी परस्परविरोधी वाचनात आले.
— एक वकील, ठाणे

उत्तर : तो खटला या विषयाचा उत्तम नमुना आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सेंट लुइसचा ख्रिस्ती रॅपर फ्लेम याचे ‘जॉयफुल नॉइज’ हे गाणे २००८ चे. ‘डार्क हॉर्स’ २०१३ चे, ट्रॅपच्या सांगाड्यावर बांधलेले, आणि त्यात मेम्फिसच्या थ्री सिक्स माफियाच्या ज्युसी जे याचे कडवे. दोन्ही गाण्यांत आठ-आठ स्वरांची एक आवृत्ती फिरत राहते, आणि दोन्हींत ती आपल्या सरगमच्या भाषेत अशी चालते : कोमल गंधार चार वेळा, तेथून रिषभावर उतार, आणि शेवट त्याहून खालच्या स्वरांकडे. शेवटचे दोन स्वर दोहोंत वेगळे आहेत. एकसारख्या अंतराने पडणारे, कोणताही अलंकार नसलेले हे स्वर. २०१९ मध्ये ज्युरीने फ्लेमच्या बाजूने कौल देऊन सुमारे २७ लाख ८० हजार डॉलरची भरपाई ठरवली. मार्च २०२० मध्ये न्यायाधीशांनी तो कौल रद्द केला. आणि मार्च २०२२ मध्ये नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय कायम केला. अशा साध्या घटकांवर एकाला मक्तेदारी दिली तर इतरांना संगीतच करता येणार नाही, असा त्यामागचा विचार होता. आपण वाचलेली परस्परविरोधी वृत्ते बहुधा या निरनिराळ्या टप्प्यांवरची असावीत.

अखेरचा निर्णय मला योग्य वाटतो. कोमल गंधारावरून षड्जाकडे उतरणे हे कोणाच्याही मालकीचे असू शकत नाही. परंतु मला जे खुपते ते त्या खटल्यात विचारलेच गेले नाही. ‘डार्क हॉर्स’ ऐकताना ट्रॅप म्हणून जे जाणवते ते त्या आठ स्वरांत नाही. ते ८०८ च्या घुमण्यात, ठोक्यांमधल्या पोकळीत आणि ज्युसी जेच्या उच्चारात आहे. ज्या शहरांनी ते घडवले त्यांचा त्यावर कायद्याने काहीही हक्क नाही. अमेरिकेच्या स्वामित्वहक्क कायद्याचे कलम ११४ स्पष्ट सांगते, की ध्वनिमुद्रणावरचा हक्क त्या मुद्रित आवाजापुरताच असतो; दुसऱ्या कोणी तसाच आवाज नव्याने वाजवून मुद्रित केला, अगदी हुबेहूब केला, तरी त्या हक्काचा भंग होत नाही. म्हणजे मुद्रणाचा चिमूटभर तुकडा उचलला तर परवाना लागू शकतो (याबाबतही तेथील दोन अपील न्यायालयांनी २००५ आणि २०१६ मध्ये उलटसुलट निवाडे दिले आहेत), पण संपूर्ण ढंग नव्याने वाजवून घेतला तर काहीच लागत नाही.

आरियाना ग्रांडेच्या २०१९ च्या ‘७ रिंग्ज’ या गाण्यात हे विषम माप लख्ख दिसते. त्याची सुरावट १९५९ च्या ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीतिकेतील गाण्यावरून घेतलेली होती, म्हणून त्याच्या गीतलेखनाच्या उत्पन्नातील ९० टक्के वाटा रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांच्या हक्कधारकांकडे गेला. त्याच गाण्यात ट्रॅपचा ठेका आहे आणि ओळी म्हणण्याची ढब सोल्जा बॉय, टू चेन्झ, प्रिन्सेस नोकिया यांच्यासारखी असल्याची तक्रार त्या वेळी जोरात झाली. सुरावटीला ९० टक्के, ढबीला नुसती चर्चा. पुढे टू चेन्झला त्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत सामील करून घेतले गेले, ही त्या गायिकेच्या बाजूने चांगली गोष्ट झाली. पण ती तिची मर्जी होती, त्याचा हक्क नव्हता.

हा कायदा कागदावर लिहिता येणाऱ्या संगीताभोवती वाढला. स्वरलिपीत जे मांडता येते त्याला त्याने मालमत्ता मानले. कंठाने आणि अंगाने शिकवली जाणारी लय, उच्चार, आवाजाचा पोत यांना मानले नाही. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताचे वैभव नेमके या दुसऱ्या गोष्टींत आहे. त्यावरचा उपाय म्हणून उद्या फ्लोलाही मालकी द्यावी असे मात्र मी म्हणणार नाही, कारण ती मालकी कलावंतांच्या हाती फार काळ न राहता मोठ्या कंपन्यांच्या तिजोरीत जाईल आणि अटलांटाच्या पुढच्या मुलालाच तोंड उघडताना परवाना काढावा लागेल. श्रेयनामावलीत मूळ कलावंताचे नाव, शक्य तेथे त्याला गाण्यात भागीदारी, आणि समीक्षकांनी सुरावटीपलीकडे ऐकण्याची तयारी, एवढ्याचा आग्रह आपण धरू शकतो आणि धरला पाहिजे.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेने एखाद्या रॅपरचा आवाजच तयार केला तर ती नक्कल कोणत्या प्रकारात मोडते?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : ती वेगळ्या प्रकारात मोडते, कारण तेथे कोणी शिकलेले नसते. एप्रिल २०२३ मध्ये ड्रेक आणि द वीकेंड यांच्या बनावट आवाजांतले एक गाणे पसरले आणि युनिव्हर्सल म्युझिक या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तक्रारीनंतर ते उतरवले गेले. ज्या टेनेसी राज्यात मेम्फिस आहे, त्याच राज्याने मार्च २०२४ मध्ये व्यक्तीच्या आवाजाला संरक्षण देणारा कायदा केला, याचे मी स्वागत करतो. त्याच वर्षी मे महिन्यात मेट्रो बूमिन या अटलांटाच्या वर्तुळातील प्रोड्यूसरने कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार झालेल्या गाण्याचा तुकडा घेऊन बीट केला आणि त्यावर रॅप करण्याचे सर्वांना आवाहन केले. साधन तेच असूनही दोन्हींतला भेद मला स्पष्ट दिसतो : पहिल्यात जिवंत माणसाचा गळा त्याच्या संमतीवाचून वापरला गेला, दुसऱ्यात कोणाचे सोंग घेतलेले नव्हते.

प्रश्न : आम्ही काही मित्र मराठीत ट्रॅप लिहितो. आम्हाला सांगितले जाते, की अटलांटा कुठे आणि तुम्ही कुठे. तुम्ही जे काही कराल ती नक्कलच. हे खरे आहे का?
— एक तरुण वाचक, पुणे

उत्तर : आपल्या शहरातच या आक्षेपाचे अर्धे उत्तर आहे. ताडीवाला रोड परिसरात वाढलेल्या एम. सी. स्टॅन या रॅपरने २०२० मध्ये ‘तडीपार’ आणि २०२२ मध्ये ‘इन्सान’ हे अल्बम काढले. ठेका, खर्ज, ऑटो-ट्यूनचा चिरकता पोत, गळ्यातल्या साखळ्या, हे सर्व अटलांटाकडून आलेले आहे आणि त्याची गाणी ते लपवत नाहीत. पण त्याची हिंदी पुण्याच्या वस्त्यांतली आहे, शिव्या आणि लाडाचे शब्द तिथले आहेत, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत ‘बिग बॉस’ जिंकेपर्यंत त्या भाषेला इतक्या मोठ्या पडद्यावर कोणी विचारले नव्हते. त्याच्या सगळ्या गाण्यांवर माझे प्रेम नाही; काही ठिकाणी साखळ्यांचाच खणखणाट जास्त होतो. तरी तो बोलतो तेव्हा तो कुठला आहे हे कळते.

उरलेल्या अर्ध्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते अड्ड्याच्या, बंदुकीच्या, विक्रीच्या गोष्टी उसन्या घेण्याविषयी आहे. अटलांटाच्या रॅपरांनी या गोष्टी सांगितल्या त्याची किंमत त्यांनी मोजली. यंग थगला मे २०२२ मध्ये अटक झाली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यांतील काही ओळी पुरावा म्हणून मांडण्यास सशर्त परवानगी दिली. तो सुटला ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस, गुन्ह्याची कबुली दिल्यावर. त्या ओळींचा आव आणून, त्यांच्यामागचे काहीही न भोगता, वर्गमित्रांपुढे मिरवणे मला पटत नाही. आपल्या भोवती सांगण्यासारखे पुष्कळ आहे : भाड्याची खोली, रात्रपाळी, स्पर्धापरीक्षेत अडकलेला भाऊ, हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल. त्यासाठी खर्ज तोच चालेल.

एक तांत्रिक सूचनाही करावीशी वाटते. इंग्रजीत एकाक्षरी शब्दांची रेलचेल असल्याने तेथील रॅपर आघात हवा तेथे ठेवतो; मराठीत प्रत्यय लागून शब्द लांबतात आणि लघु-गुरूंची घडण कानाला लगेच कळते. म्हणून इंग्रजी गाण्याच्या फ्लोवर मराठी ओळ चढवली की कुठे ऱ्हस्व स्वर ताणला जातो, कुठे शेवटचा प्रत्यय गिळावा लागतो, आणि गाणे भाषांतरासारखे वाटू लागते. उलट ‘गल्लीतला’, ‘पोरांनी’, ‘बसलेला’ असे बोलताना तीन तुकड्यांत पडणारे शब्द आपल्याकडे मुबलक आहेत, आणि मेम्फिसहून आलेली ती एका मात्रेत तीन अक्षरांची चाल त्यांना जणू मापाने शिवलेली आहे. कवितेच्या वहीतील पहिल्या आठ ओळी बीट न लावता, टेबलावर बोटाने ठेका धरून, आपण कट्ट्यावर बोलता तशा म्हणून पाहा. जेथे अक्षर ओढावे लागेल त्या ओळी पुन्हा लिहा, आणि सर्व ओळी बोलण्यासारख्या म्हणता येऊ लागल्या की मगच बीट शोधायला बसा.